जसोदाबाईंच्या गुडघ्याइतके पाणी

हेमकांत गुरुजींनी नंदुरबारच्या शाळेत छत्तीस वर्षे संस्कृत शिकवले, आणि त्या छत्तीसही वर्षांत आषाढ लागला की त्यांनी फळ्यावर सहा ऋतूंची नावे सुवाच्य अक्षरांत एकाखाली एक लिहिली. शरदात सरोवर कसे निवळते, हेमंतात कमळवने कशी करपतात, वसंतात वारा कोणत्या दिशेने वाहतो, हे सारे ते डोळे मिटून सांगत. डोळे मिटूनच सांगतात, ही गोष्ट प्रथम त्यांच्या पत्नीच्या, जसोदाबाईंच्या, ध्यानात आली. “गुरुजी,” त्या म्हणाल्या होत्या, कारण त्याही साऱ्या गल्लीप्रमाणे त्यांना गुरुजीच म्हणत, “कवय तरी डोया उघाडीसन एखादा ऋतू दखा ना.”

गुरुजींनी हे बोलणे मनावर घेतले नाही. ऋतू पाहण्यासाठी बाहेर जावे लागते, हा विचार त्यांना किंचित अशास्त्रीय वाटत असे.

जसोदाबाई तापीकाठच्या. केळीच्या बागेत, पाटाच्या वाहत्या पाण्यात पाय टाकून त्या वाढल्या, आणि लग्न होऊन नंदुरबारला आल्या तेव्हा दर चौथ्या दिवशी येणाऱ्या नळाशी त्यांची गाठ पडली. लग्नानंतरच्या पहिल्याच वैशाखात दोघे देवदर्शनाला निघाले असता पाणखेड्यात बसचे चाक पंक्चर झाले. पाणखेडे म्हणजे धानोऱ्याच्या पुढे, डोंगर जिथे सुरू होतात तिथले, तळ्याकाठचे लहानसे बाजाराचे गाव. एक पेठ, एक शाळा, एक बसथांबा, आणि या तिन्हींना पोटात घेऊन उरेल एवढे तळे. चाक बदलले जात होते तेवढ्यात जसोदाबाई काठाशी उतरल्या, एका दगडावर बसल्या, वहाणा काढल्या आणि त्यांनी पाण्यात पाय सोडले. थोड्याच वेळात गुरुजी वरून म्हणाले, “ऊठ. बस निघेल.”

त्या उठल्या. बस पुढे अर्धा तास निघाली नाही. परंतु एकदा उठलेल्या माणसाने पुन्हा जाऊन बसावे, हे गुरुजींच्या शिस्तीत नव्हते.

“मन्हा पाय पुरा ओलाबी व्हयेल नव्हतात,” असे जसोदाबाई पुढे चाळीस वर्षे अधूनमधून म्हणत राहिल्या. त्यात तक्रार नसे. भाजीत मीठ कमी पडले हे जसे सांगावे तसे सांगत. गुरुजी दर वेळी आश्वासन देत, आणि दर वेळी ऋतू आडवा येई. वर्षेत वाट चिखलाची. शरदातले ऊन पित्तकर. हेमंतात सहामाहीचे पेपर तपासायचे. शिशिरात जसोदाबाईंचा दमा, वसंतात वार्षिक परीक्षा, आणि ग्रीष्मात तळ्यात पाहण्यासारखे उरते तरी काय? एकदा जसोदाबाईंनी बोटे मोजली आणि विचारले, “तुम्हना सहाबी ऋतू वाईटच शेत का?”

फाल्गुन वद्य पंचमीला पहाटे त्या गेल्या. आदल्या संध्याकाळी, उद्या नळ येणार म्हणून, त्यांनी सगळे हंडे घासून ओळीने पालथे घातले होते. नळ ठरल्याप्रमाणे आला, अर्धा तास वाहिला आणि गेला. हंडे पालथेच राहिले.

तेरावे झाल्यावर गुरुजींनी शेजारच्या नवनीतभाईंना आपला संकल्प सांगितला. पाणखेड्याच्या तळ्याकाठी, पाण्यालगत, जसोदाबाईंच्या स्मरणार्थ एक बाक बसवावा. साधा बाक. जिथे बसलेल्या माणसाला कोणी ऊठ म्हणणार नाही. वर्षश्राद्धाच्या आत तो उभा राहावा, एवढीच इच्छा.

संकल्प उच्चारताना तो कोणासमोर उच्चारावा याचाही विचार करायचा असतो, हे गुरुजींना पुढे कळले. नवनीतभाई कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाले होते आणि त्यांच्याजवळ वेळ व माणसे या दोन गोष्टी विपुल होत्या. कोणतेही काम निघाले की ते म्हणत, “मन्हा एक मानूस शे.” हा माणूस प्रत्येक कामाला वेगळा असे, आणि प्रत्येक वेळी तो मूळ कामापेक्षा मोठे काम घेऊन येई.

“लाकडी बाक करू,” गुरुजी म्हणाले.

“वाळवी खाई,” नवनीतभाई म्हणाले.

“मग लोखंडी.”

“भंगारवाला लई जाई. गुरुजी, सिमेंटना करा. पाठ टेकाले जागा ठेवा, म्हातारं मानूस टेकी कोठे? आनि वजनदार करा. आनि पाय जमीनमा अडीच हात गाडा, काय? एकदाव बठाडा का सात पिढ्या हालाले नको. मन्हा एक मानूस शे.”

हा माणूस म्हणजे भिकन मिस्तरी. धानोऱ्याजवळ रस्त्याकडेला त्याचा सिमेंटच्या वस्तूंचा कारखाना होता. खिडक्यांच्या जाळ्या, गुरांच्या गव्हाणी, गटारांची झाकणे आणि तुळशीवृंदावने तिथे एकाच सावलीत वाळत असत. गुरुजींनी पाठीवर कोरण्यासाठी आठ ओळींचे स्वरचित संस्कृत स्तोत्र नेले होते. भिकनने कागद आदराने कपाळाला लावला, उलटा धरून पाहिला आणि विचारले, “गुरुजी, पाठवर दोनच वळी मावतीस. नाव ठेवू का स्तोत्र?”

गुरुजींनी जड अंतःकरणाने नाव ठेवले. आपले स्तोत्र गटारांच्या झाकणांमध्ये जागेअभावी नाकारले गेले, ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. भिकनने मात्र उरलेल्या कोपऱ्यात, आपल्या पदरचे म्हणून, एक कमळ काढले. ते हुबेहूब फुलकोबीसारखे दिसत होते.

पाणखेड्याचे ग्रामसेवक योगेंद्र हे सौजन्यशील तरुण होते आणि फक्त बाजाराच्या दिवशी सापडत. त्यांनी गुरुजींना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि देणगीदाखल वस्तू स्वीकारायचा छापील अर्ज पुढे ठेवला.

“लाभार्थी कोण?” त्यांनी विचारले.

“माझी पत्नी,” गुरुजी नकळत बोलून गेले.

“त्यांची सही लागेल, सर. त्या कधी येऊ शकतील?”

गुरुजी खिडकीबाहेर तळ्याकडे पाहत राहिले. योगेंद्रांनी अर्जावरचे नाव पुन्हा वाचले, त्याच्या आधीचे ‘कै.’ वाचले आणि त्यांचा चेहरा इतका पडला की शेवटी गुरुजींनाच त्यांची समजूत घालावी लागली. लाभार्थीच्या रकान्यात ‘जे बसतील ते’ असे लिहून तो प्रश्न सुटला. जागेचा प्रश्न सुटायला आणखी तीन बाजार लागले. काठ पंचायतीचा होता, पाणी तळ्याच्या खात्याचे होते, आणि या दोहोंमधली जमीन जेव्हा कोरडी असेल तेव्हा नक्की कोणाची, हे कोणत्याच कागदावर नव्हते. अखेरीस ठरावात ‘तळ्याच्या काठी, योग्य ठिकाणी’ असे शब्द पडले. कमळावरही चर्चा झाली, कारण निवडणूक लागली तर ते चिन्ह झाकावे लागले असते. पण एका सदस्याने छायाचित्र निरखून ती भाजी असल्याचा निर्वाळा दिला आणि आक्षेप मागे घेण्यात आला.

ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात बाक निघाला. भिकनच्या टेम्पोत पुढे जागा नव्हती, म्हणून गुरुजी मागे, बाकावरच, छत्री उघडून बसले. धोतर, काळी टोपी, छत्री, पाठीमागे पत्नीचे नाव आणि फुलकोबी, अशा थाटात ते धानोऱ्याच्या बाजारातून गेले. दोन बायकांनी कोणाची तरी मिरवणूक समजून हात जोडले. एका उपाहारगृहातून त्यांचा जुना विद्यार्थी धावत बाहेर आला आणि काय बोलावे ते न सुचून मोठ्याने ‘नमस्कार’ म्हणाला. गुरुजींनी मान लववली. पाच क्विंटल सिमेंटवर बसून माणसाला जेवढी प्रतिष्ठा राखता येते तेवढी त्यांनी राखली.

तळ्यात पाणी उन्हाने खाली गेले होते. गुरुजी उतार उतरून गेले, पाण्यापासून तीन हात मोजले आणि काठीने खूण केली. ही खूण होत असता शेजारच्या वाफ्यातून टरबुजांचे वेल उपटणारी एक उंच, सावळी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती तापीबाई. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळात ती आणि आणखी पाचसात घरे काकड्या-टरबुजे लावत.

“गुरुजी, आठे पानी येस,” ती म्हणाली.

“बाई,” गुरुजी शांतपणे म्हणाले, “पाण्यालगतच तर बसवायचा आहे. आणि जलाशयाला मर्यादा असते. प्रत्यक्ष समुद्रदेखील आपली वेळा, म्हणजे किनारा, ओलांडत नाही.”

“समुद्रनं मले म्हाईत नही,” तापीबाई म्हणाली. “हाई तळं शे.”

भिकनने गुरुजींकडे पाहिले, तापीबाईकडे पाहिले, आणि ज्याने काम दिले त्याचे ऐकले. चार पाय अडीच हात खोल गेले. नवनीतभाईंनी आणलेला नारळ फुटला. गुरुजी बाकावर बसून पाहणार होते; परंतु टेम्पो परत निघत होता.

श्रावणात गुरुजी पुन्हा गेले. आता ऋतू डोळे उघडून पाहायचे, सहाच्या सहा, आणि दर वेळी तिच्या बाकावर बसून, असा नवा नेम त्यांनी केला होता. छत्री, पिशवीत आसन, डब्यात जसोदाबाईंच्या आवडीचे भरीत. उतार सुरू होतो तिथे ते थांबले. उतार नव्हता. तळे थेट रस्त्याच्या पायथ्याशी येऊन, जणू पूर्वीपासून तिथेच राहत असल्यासारखे, पसरले होते. बाक कुठेही दिसत नव्हता.

चोरी, हा एकच विचार त्यांच्या मनात आला. नवनीतभाईंनी लोखंडाबद्दल वर्तवलेले भाकीत सिमेंटलाही लागू पडल्याचे दुःख त्यांना चोरीपेक्षा अधिक झाले. ते तसेच पोलीस चौकीत गेले आणि त्यांनी तक्रार शुद्ध भाषेत निवेदन केली. तिथल्या जमादारांनी लेखणी उचलली.

“वस्तूचे वजन?”

“सुमारे पाच क्विंटल.”

जमादारांनी लेखणी खाली ठेवली. “पाच क्विंटलना बाक कोन उचली, गुरुजी? आनि कसाले?”

चौकीच्या ओट्यावर पाऊस चुकवीत बसलेल्या तापीबाईने डोक्यावरचे पोते सावरले. “चोरी नही नि काही नही,” ती म्हणाली. “बठेल शे ना ती. पानीमा.”

चौकीत कोणी हसले नाही, आणि तेच गुरुजींना अधिक लागले. छत्तीस वर्षे ज्या माणसाने वर्षा ऋतूत जलाशय तुडुंब भरतात असे शिकवले, त्याने ग्रीष्मातले पाणी पाहून काठ ठरवला होता. ते काठावर परत आले, पावसात उभे राहिले आणि जिथे बाक असावा असे वाटले त्या दिशेने त्यांनी भरिताचा घास पाण्यात सोडला. मासे आले. जन्मभर दम्याने बेजार झालेल्या बाईला आपण पुरुषभर पाण्याखाली बसवले आहे, हा विचार परतीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारच्या आसनावर बसून नंदुरबारपर्यंत आला.

नवनीतभाईंनी धीर दिला. पाणी उपसणारा त्यांचा एक माणूस होता. अख्खे तळे उपसायला किती दिवस लागतील याचा हिशेबही त्यांनी मांडला. गुरुजींनी प्रथमच त्यांच्यासमोर दार लावून घेतले.

शरदात जावे की नाही, या विचारात आश्विन निम्मा संपला. शेवटी गेले. पाणखेड्यात बस थांबली तेव्हा आभाळ धुतल्यासारखे होते आणि गुरुजी काठावर जाऊन उभे राहिले, तो पाणी तळापर्यंत दिसत होते. निवळले होते. एवढी वर्षे त्यांनी मुलांना सांगितलेली गोष्ट अक्षरशः खरी निघाली होती, आणि ती कोणाला सांगावी असे एकच माणूस होते. बऱ्याच आत, हिरवट उजेडात, बाकाची पाठ हलत होती. पाण्यामुळे हलते, हे त्यांना ठाऊक होते. तरी, कोणी बसलेले माणूस पाय हलवीत असले की खांदे जसे हलतात, तसे ते दिसत होते.

ते तासभर उभे राहिले. बसायला जागा नव्हती.

मार्गशीर्षात तळ्याच्या खात्याच्या कार्यालयातून एक लिफाफा आला. तो गुरुजींच्या नावे नव्हता. वर लिहिले होते, श्रीमती जसोदाबाई हेमकांत पाटील. तळ्याची पाहणी झाली त्या दिवशी बाकाच्या पाठीचा वरचा भाग तेवढा पाण्याबाहेर आला होता आणि त्यावरचे ‘कै.’ शेवाळाने झाकले गेले होते. मजकूर असा: ‘आपण तळ्याच्या पूर्ण संचय पातळीच्या आत अनधिकृतपणे बसल्याचे निदर्शनास आले आहे. तरी येत्या पावसाळ्यापूर्वी आपण तेथून आपले बस्तान उठवावे. अन्यथा आपणास सक्तीने उठविण्यात येईल.’

गुरुजींनी पत्र दोनदा वाचले. भाषा, त्यांना कबूल करावे लागले, निर्दोष होती. मग ते ओट्यावर बसले आणि दुपारचा चहा त्यांनी केला नाही. ज्या एका शब्दाचे प्रायश्चित्त म्हणून हा सारा खटाटोप, तोच शब्द शिक्क्यासह घरी आला होता.

पौषात ते नोटीस घेऊन पाणखेड्याला गेले. नोटीस बजावणारा तळ्याचा चौकीदार नथ्थू त्यांना काठावरच भेटला. वाळकुडा, खाकी सदऱ्यातला, कानाला फोन लावून तो कोणाशी तरी बोलत होता. “हा साहेब. मांडी दिसी ऱ्हायनी. हा, जसोदाबाईनी. लिखी ल्या.”

“कोणाची मांडी?” गुरुजींनी विचारले.

नथ्थू ओशाळला. झाले होते ते असे. तळ्यातली पाणी मोजायची खांबावरची पट्टी चार वर्षांपूर्वी मोडली होती आणि नव्या पट्टीचा प्रस्ताव अजून वर गेलेला होता. परंतु पातळी दर शनिवारी कळवणे बंधनकारक होते. पूर्वी नथ्थू अंदाजाने आकडा देई. बाक आल्यापासून अंदाज संपला. डोके, खांदा, मांडी, गुडघा, घोटा. कार्यालयातल्या कारकुनाने या शब्दांसमोर मीटर लिहून एक तक्ताच भिंतीला चिकटवला होता.

“म्हणजे जे कार्यालय तिला उठवते आहे,” गुरुजी म्हणाले, “तेच तिच्यावरून पाणी मोजते?”

“नोटीस मी दिनी, ती मन्ही नोकरी,” नथ्थू म्हणाला. “पन गुरुजी, उठाडू नका. तीबी मन्ही नोकरीच शे.”

तापीबाई खालच्या गाळात वाफे ओढत होती. बाकाची पाठ आणि बैठक वर आली होती, पाय अजून पाण्यात होते. पाठीवर शेवाळ, बैठकीवर गोगलगाई, फुलकोबीच्या मधोमध एक बगळा. गुरुजींनी धोतर सावरून रुमालाने ‘कै.’ पुसायला घेतले.

“नका पुसू,” तापीबाई म्हणाली. “ऱ्हाऊ द्या. आम्हीन तिले तशी समजतसच नही.”

मग तिने सांगितले. गाळातल्या वाफ्यांवरून दर साली डोकी फुटत. पाणी जसे खाली जाईल तशी नवी जमीन उघडी पडे, आणि कोणाचा वाफा कुठे सुरू होतो याला काही खूणच नसे. “आते कोनी भांडत नही. जसोदामायनं डोकं दिसनं का वरला वाफा मन्हा. मांडी दिसनी का मधला दुसरास्ना. पाय दिसनात का खालना. माय सांगस, आम्हीन ऐकतस.” ती थांबली आणि गुरुजींकडे तिरके पाहून म्हणाली, “घरमाबी तिनंच ऐकेत का तुम्हीन?”

गुरुजींनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. खोटे बोलण्याची त्यांना सवय नव्हती आणि खरे बोलण्याइतका आवाज नव्हता.

फाल्गुनात वर्षश्राद्ध झाले. पिंड नंदुरबारलाच ठेवले. कावळा चटकन आला, आणि नवनीतभाई म्हणाले की वहिनी तृप्त आहेत. गुरुजींना तसे वाटले नाही. कपाटात नोटीस होती. ते कायदा मानणारे गृहस्थ होते. शाळेत त्यांनी पाच मिनिटे उशिरा आलेल्या मुलाला कधी आत घेतले नव्हते. शिवाय सक्तीने उठवणे म्हणजे काय, हे नवनीतभाईंनी हातवारे करून दाखवले होते: यंत्र येते, दात लावते, तुकडे होतात. त्यापेक्षा आपणच सन्मानाने उचलून आणावा आणि अंगणात ठेवावा. अंगणात, नळाशेजारी. हा शेवटचा विचार मनात आला की गुरुजी पुस्तक मिटून घेत.

वैशाखात ते निघाले. भिकन ट्रॅक्टर आणि साखळदंड घेऊन आला, नवनीतभाई देखरेखीला. तळे खाली गेले होते, पण मागच्या वेळेइतके नाही. बाकाच्या पुढच्या पायांशी अजून पाणी लागत होते. वेलांना टरबुजे धरली होती. तापीबाई, नथ्थू आणि गाळातली सारी घरे काठावर ओळीने बसली होती, कोणाला स्मशानात पोचवायला आल्यासारखी. कोणी विरोध केला नाही.

भिकनने बाकाभोवती साखळी आवळली. ट्रॅक्टर घुरघुरला, चाके गाळात रुतली, साखळी ताठ झाली. बाक हलला नाही. सात पिढ्यांचा बंदोबस्त नवनीतभाईंनी खरोखरच केला होता. “मन्हा एक मानूस शे,” ते पुटपुटू लागले, “नवापूरले, क्रेनवाला...” आणि वाक्य पुरे न करताच खाली पाहू लागले.

“क्रेन नको,” भिकन म्हणाला. “पाय मोकळा करी घेतात, निघी जाई.” त्याने चारही पायांभोवतीचा गाळ कुदळीने ढिला केला, पुन्हा ट्रॅक्टरवर चढला आणि मागे वळला. या वेळी इंजिनाच्या नुसत्या धडधडीने बाक एक बोट हलला. “आते येई,” भिकन म्हणाला. “तुम्हीन सांगा, गुरुजी. तुम्हीन ‘ऊठ’ म्हना, मी लगेच ओढस.”

सगळे गुरुजींकडे पाहू लागले.

गुरुजींनी तोंड उघडले. तो शब्द दोन अक्षरांचा होता. चाळीस वर्षांपूर्वी याच तळ्यावर तो त्यांच्या तोंडून किती सहज निघाला होता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग ते खाली वाकले, आणि सगळ्यांना वाटले की त्यांना घेरी आली. ते वहाणा काढत होते. त्या त्यांनी नीट, जोडीने, एका टरबुजाशेजारी ठेवल्या. धोतर गुडघ्यापर्यंत घेतले, साखळी ओलांडली आणि बाकावर, एका बाजूला, दुसरी बाजू मोकळी सोडून, ते बसले. पाय पाण्यात गेले. पाणी वरवर कोमट आणि खाली गार होते. हे त्यांनी कुठे वाचले नव्हते.

वर रस्त्यावर नंदुरबारची बस येऊन थांबली. ट्रॅक्टरवर परत जाणे नको म्हणून नवनीतभाईंनीच तिची वेळ काढून ठेवली होती. तिने एकदा कर्णा वाजवला, मग आणखी एकदा.

“गुरुजी!” नवनीतभाई ओरडले. “उठा! बस निघी जाई! मांगे दुसरी नही शे!”

गुरुजी तळ्याकडे पाहत होते. “निघू द्या,” ते म्हणाले.

बस थोडा वेळ थांबली. मग गेली. भिकनने इंजिन बंद केले आणि कोणी न सांगता साखळी सोडायला घेतली. तापीबाईने गुरुजींच्या वहाणा पाण्यापासून दोन हात वर सरकवून ठेवल्या. गुरुजींचे डोळे उघडे होते आणि त्यांतून पाणी वाहत होते. ते त्यांनी पुसले नाही.

शनिवार होता. नथ्थूच्या खिशात फोन वाजला. त्याने पाठ फिरवली, पण काठ शांत असल्याने सगळ्यांना ऐकू आले.

“हा साहेब. आजनं पानी जसोदाबाईना घोटा... नही साहेब, उठेल नही... ट्रॅक्टर वनता ना, हा... नही साहेब.” त्याने मागे वळून एकदा पाहिले आणि आवाज उतरवला. “आते दोन्ही बठेल शेत.”